तगाद्याची हद्द

रमजानच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री सव्वानऊ वाजता मला एक फोन आला. आवाज तरुण, भाषा आधी अगदी अदबीची. माझ्या भाच्याचे नाव घेऊन त्याने विचारले, हा तुमचा कोण लागतो? मी सांगितले. त्यानंतर अदब संपली. भाच्याने कर्ज बुडवले आहे, तुमचा नंबर रेफरन्समध्ये आहे, उद्या अकरा वाजेपर्यंत पैसे भरा, नाहीतर त्याचा फोटो तुमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकतो आणि पोलीस घेऊन घरी येतो.

भाच्याचे छोटे दुकान आहे. भाडे थकले म्हणून त्याने मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवरून पंधरा हजार रुपये घेतले होते. दोन हप्ते भरले, तिसरा चुकला. त्या रात्री तसाच फोन त्याच्या सासऱ्यांना गेला, एका जुन्या शिक्षकांना गेला आणि मशिदीच्या एका ट्रस्टीलाही गेला. पैसे घेतले होते हे खरे, ते द्यायचे आहेत हेही खरे. पण पंधरा हजारांपायी त्याला तीन दिवस घराबाहेर तोंड दाखवता आले नाही.

मला माझी दादी आठवली. लग्न होऊन ती साताऱ्याकडून परळच्या चाळीत आली. दादा गिरणीत विणकर होते. पगाराच्या दिवशी दादा घरी उशिरा यायचे, कारण ते पुढच्या दरवाजाने बाहेर पडत नसत. तिथे काठी घेऊन खान उभा असायचा. दादी सांगायची, "जुम्म्याला दोघे एकाच सफमध्ये, खांद्याला खांदा लावून. आणि पगाराला त्याचा हात याच्या मानगुटीवर." हे सांगताना ती हसायची. दादा मात्र कधी हसले नाहीत.

गेटवरची ती काठी आणि रात्री सव्वानऊचा हा फोन यांच्यामध्ये बराच इतिहास आहे. कर्ज किती आणि व्याज किती, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कर्ज मागायचे कसे, यावर फार कमी लिहिले गेले. खरे तर तोही कायद्याचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मुलखातूनच सांगता येते.

'तगादा' हा आपल्या मराठीतला शब्द मूळचा अरबी 'तकाजा'. हक्काची मागणी, असा त्याचा साधा अर्थ. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात न्यायदानाच्या भागात त्याने या तगाद्याचे वर्णन केले आहे. साध्या मागणीपासून त्याची सुरुवात होई. मग दारात पहारा बसे, मग कर्जदाराचे जेवण अडवले जाई, आणि शेवटी डोक्यावर दगड देऊन त्याला भर उन्हात एका पायावर उभे केले जाई. दुसरा मार्ग धरण्याचा. धनको कर्जदाराच्या दारात उपाशी बसे, आणि तो ब्राह्मण असला तर त्याच्या उपासाचे पाप घरमालकाच्या माथी येईल या धास्तीने कर्जदार हवालदिल होई. पगार थकलेले सैनिक आपल्याच सरदाराविरुद्ध धरणे धरून बसत. आज आपण मागण्यांसाठी धरणे धरतो, तो शब्द असा वसुलीच्या दारातून आला आहे.

इंग्रजांना हे रानटी वाटले. १८६० च्या भारतीय दंड विधानात कलम ५०८ आले. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करून घेणे हा त्यात गुन्हा ठरला, आणि उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच उदाहरण कायद्यात छापले गेले. म्हणजे वसुलीच्या एका रीतीवर कायद्याने नाव घेऊन बोट ठेवले.

पण दारातला तगादा गेला आणि त्याच्या जागी कोर्टाची डिक्री आली. पूर्वी सावकाराला गावाची थोडी भीड असे, कारण त्यालाही त्याच गावात राहायचे होते. आता त्याच्या हाती स्टॅम्पाचा कागद होता आणि पाठीशी बेलिफ होता. १८५५ मध्ये व्याजावर मर्यादा घालणारे जुने कायदे रद्द झाले आणि ठरेल ते व्याज कोर्ट वसूल करून देऊ लागले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याची मुदत बांधली. उद्देश चांगला होता. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, आणि जुने व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसू लागले. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला माहीत नसे.

इथे मुसलमान कर्जदाराची एक वेगळीच अडचण होती, आणि ती आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, असा तो नियम. १८५५ नंतरही मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदूंचा व्यक्तिगत कायदा म्हणून चालू ठेवला. मूळ कर्जदार हिंदू असेल तर धनको कोणत्याही धर्माचा असो, दामदुपट लागू. कर्जदार मुसलमान असेल तर मात्र नाही. त्याच्या धर्मात व्याजच निषिद्ध, म्हणून त्याच्या धर्मशास्त्रात व्याजाची कमाल मर्यादा असण्याचे कारण नव्हते. आणि व्याज निषिद्ध असल्याची त्याची बाब कोर्ट ऐकत नव्हते, कारण व्याज हा कराराचा भाग. एकाच गावचे दोन शेतकरी, एकाच सावकाराचे ऋणको, एकच खत. एकाचे व्याज दुपटीवर थांबले, दुसऱ्याचे चालूच राहिले. व्यक्तिगत कायद्यावर आपल्याकडे तलाक आणि पोटगीच्या पलीकडे बोलले जात नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारांवर बहिष्कार पडला. एका देशमुखाच्या घरावर डिक्री बजावली गेली, हे त्याचे निमित्त. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. या दंग्यांत लोकांना हवे होते ते कागद. खते, रोखे, डिक्र्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. जिथे सावकाराने कागद निमूटपणे दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

तो कायदा आज वाचला तर नवल वाटते. पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याला अटक किंवा कैद करता येणार नाही. दिलेल्या प्रत्येक पैशाची लेखी पावती मागण्याचा त्याला हक्क. वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क. कोर्टाने केवळ खतावरचा आकडा न पाहता व्यवहार पहिल्यापासून उलगडून मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे करावे. शेतकऱ्याने करायचे खत गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिले जावे. हे शेवटचे वाचताना कुराणातली सूरह बकराची २८२ वी आयत आठवल्याशिवाय राहत नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, आणि मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, असे ती सांगते. धनकोने मजकूर सांगून ऋणकोचा अंगठा घेण्याची जी रीत दख्खनमध्ये पडली होती, तिच्या नेमके उलट. तिच्या आधीच २८० वी आयत आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याची सोय होईपर्यंत मुदत द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले.

तरीही गिरणीच्या गेटवरचा खान मुसलमानच होता. हे टाळून पुढे जाता येणार नाही.

अफगाणिस्तान आणि सरहद्द प्रांतातून आलेले पठाण मुंबई, कलकत्ता, नागपूर या शहरांत आधी कापड, हिंग, सुका मेवा उधारीवर विकत. पुढे काहींनी रोख पैसे द्यायला सुरुवात केली. टागोरांच्या 'काबुलीवाला' कथेतला रहमत छोट्या मिनीमुळे सर्वांच्या लक्षात राहतो. पण तो तुरुंगात गेला तो उधार दिलेल्या रामपुरी चादरीच्या पैशांवरून झालेल्या भांडणात सुरा चालवून, हे फारसे कोणाला आठवत नाही. मुंबईत पठाणाचा दर साधारण रुपयाला महिन्याला एक आणा असे. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. काही जण दोन आणे घेत, तेव्हा तो शेकडा १५० होई. तारण मागत नसे, जामीन मागत नसे, कागदही फारसा करत नसे. ज्याच्याकडे गहाण ठेवायला काहीच नाही, त्याला दुसरे देणार तरी कोण? गिरणीत पगार महिना उलटून बऱ्याच दिवसांनी होई, आणि तोवर चूल पेटती ठेवायची असे. सगळे पठाण सावकार नव्हते. पुष्कळ जण रात्रीचे पहारेकरी आणि गोदीतले मजूर होते. पण चाळीत 'खान' म्हटले की काठीच आठवे.

१९२९ मध्ये जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीवर शाही आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने कर्जावर सविस्तर लिहिले आहे. हे सावकार कोर्टात जातच नाहीत, काठी हेच त्यांचे कोर्ट, आणि पगाराच्या दिवशी ते गिरणीच्या दरवाजाशी वाट पाहत उभे असतात, अशा अर्थाची नोंद त्यात आहे. दादीने सांगितलेले चित्र मला सरकारी अहवालात सापडले, तेव्हा मी ते पान दोनदा वाचले. कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा देऊन बसणे हा दखलपात्र गुन्हा करावा, अशी शिफारस आयोगाने केली.

पण आयोग कामाला लागण्याआधीच मुंबईत भडका उडून गेला होता. तेल कंपन्यांच्या कामगारांनी संप केला आणि कंपन्यांनी त्यांच्या जागी पठाणांना कामावर आणले. फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाण मुले पळवतात अशी अफवा गिरणगावात पसरली आणि रस्त्यात दिसेल त्या पठाणावर हल्ले सुरू झाले. दोन-तीन दिवसांत पठाणविरोधी दंगलीची हिंदू-मुसलमान दंगल झाली. शंभराहून अधिक माणसे मेली. अफवा मुलांची होती, पण ती इतकी झटकन खरी वाटली त्यामागे वर्षानुवर्षांची पगाराच्या दिवसाची भीती होती, संपफोडीचा राग होता. काठीविरुद्ध दाद मागायला जागा असती तर तो राग एखाद्या कचेरीच्या दारात उभा राहिला असता. तशी जागा नव्हती, म्हणून तो एका दाढीवर आणि फेट्यावर गेला, आणि मग ज्यांनी कोणालाही कधी आणाही व्याजाने दिला नव्हता अशा मुसलमान गिरणी कामगारांवर गेला. त्या दिवसांत दादा घरात कोंडून बसले होते. त्यांच्यावरचे खानाचे देणे तसेच होते, आणि बाहेरच्या जमावाच्या लेखी ते स्वतःच खानाचे जातभाई होते.

काठीविरुद्धचा कायदा मग हळूहळू आला. बंगालमध्ये १९३४ मध्ये मजूर संरक्षणाचा कायदा झाला. मध्य प्रांतात १९३७ मध्ये कर्जदारांच्या संरक्षणाचा. मुंबई इलाख्यात १९४६ चा सावकारी कायदा. परवाना, हिशेब, पावत्या हे सगळे त्यात आहेच. व्याजाची बाकी मुद्दलापेक्षा जास्त मंजूर करायची नाही असेही त्यात आले, आणि या वेळी कर्जदाराचा धर्म कोणी विचारला नाही. पण माझ्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे कलम ३३. वसुलीसाठी कर्जदाराचा छळ करणे हा गुन्हा, एवढे म्हणून ते थांबत नाही. छळ म्हणजे काय हे ते सांगते. अडवणे, बळजबरी करणे, धाक घालणे. एका जागेहून दुसऱ्या जागी माणसाचा सतत पाठलाग करणे. त्याच्या वस्तूंमध्ये ढवळाढवळ करणे, त्या वापरू न देणे. आणि त्याला किंवा त्याच्या घरच्या माणसांना त्रास व्हावा, धाक बसावा म्हणून त्याच्या घराशी किंवा कामाच्या जागेशी घुटमळत राहणे. हे शब्द लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिरणीचे गेट होते, याबद्दल मला शंका नाही. घरच्या माणसांचा त्यात झालेला उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. कर्ज एकाचे असते, पण घुटमळणे सगळ्या घराला दिसते.

हा कायदा २०१४ पर्यंत चालला आणि त्याची जागा महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने घेतली. छळाविरुद्धचे कलम त्यातही आहे. अडचण अशी की तो सावकाराला लागू आहे, बँकेला नाही. बिगर-बँक वित्तीय कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत २०२२ मध्ये दिला. त्यांच्यावर हुकूम चालतो रिझर्व्ह बँकेचा. आणि आजचे बहुतेक फोन तिथूनच येतात.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. वसुली एजंटाने कर्जदाराला किंवा जामीनदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत बेअब्रू, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा रेफरन्स दिलेल्या माणसांच्या खासगी आयुष्यात शिरणे, सोशल मीडियावर घाणेरडे मेसेज टाकणे, सगळे मना. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेची किंवा कंपनीची. मोहल्ल्यातल्या बायका ज्या गटातून मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतात, त्यांच्यासाठी वेळ आणखी आखूड, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवाय डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अ‍ॅपने फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी उघडायचीच नाही. माझ्या भाच्याच्या सासऱ्यांचा नंबर त्यांच्या हाती लागला, तिथेच नियम मोडला होता.

वेळेची ही मर्यादा आजची नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६२ सांगते की जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्या राहत्या घरात शिरायचे नाही. पडद्यात राहणारी बाई आत असेल तर तिला बाजूला होण्यास वेळ आणि सोय द्यायची. कलम ५६ प्रमाणे पैशाच्या डिक्रीसाठी बाईला अटक करता येत नाही. कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, मजुराची मजुरी. धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावरून उतरवायचे नसलेले दागिनेही त्यात आहेत. कोर्टाचा बेलिफ हुकूम घेऊन आला तरी त्याला तवा-परात उचलता येत नाही. मग हुकूम नसलेला एजंट घरातला टीव्ही उचलून कसा नेतो?

आणि पोलिसांची धमकी. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. फसवणूक किंवा न वटलेला चेक ही वेगळी गोष्ट. डिक्री झाली तरीसुद्धा ऐपत नसलेल्या प्रामाणिक कर्जदाराला तुरुंगात टाकणे घटनेच्या कलम २१ शी जुळत नाही, असे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० च्या जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात म्हटले. १८७९ मध्ये जे फक्त चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला मिळाले होते, त्याच्या जवळपासचे काहीतरी सगळ्यांना मिळायला शंभर वर्षे लागली.

घेणेकऱ्याची बाजू मला नाकारायची नाही. पैगंबरांकडे एक माणूस आपले देणे मागायला आला आणि कठोर बोलला. सहाबी त्याच्या अंगावर धावले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवले. ज्याचे घेणे आहे त्याला बोलण्याचा हक्क आहे, असे त्यांनी सांगितले आणि घेतलेल्यापेक्षा चांगला उंट देऊन फेड करवली. बोलण्याचा हक्क आहे, हे मी भाच्यालाही सांगितले. पण तो हक्क त्याच्याशी बोलण्याचा आहे. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. मी, त्याचे सासरे, मशिदीचे ट्रस्टी, आमच्यापैकी कोणीही त्या कर्जाच्या कागदावर सही केलेली नाही.

त्या रात्री फोनवर मी एवढेच विचारले की तुमचे नाव काय, कोणत्या कंपनीकडून बोलता आणि आता किती वाजले आहेत. त्याने नाव सांगितले नाही. "कुठला नियम?" असे मात्र विचारले. आम्ही कॉलची वेळ, नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जमवले. ज्या वित्तीय कंपनीचे पैसे होते तिचे नाव कर्जाच्या करारात अगदी बारीक अक्षरात होते. तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असे त्यातच लिहिले. फोटो टाकण्याच्या धमकीबद्दल पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. भाच्याने थकलेल्या हप्त्याची मुदत मागितली, तीही लेखी.

पुढचा फोन तिसऱ्या दिवशी आला. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी, आणि भाच्यालाच.